प्रणिता आणि बाकीच्या आया

प्रणिताला आमच्या सोसायटीतल्या सगळ्या आया पाठ होत्या. नावं नव्हेत, नावांत ती नेहमी घोळ घालायची. पण ए विंगच्या त्या उंच बाई मुलाला दुधी कसा खायला लावतात, तळमजल्यावरच्या गुजराती वहिनींचं पोरगं दुपारी न सांगता कसं झोपतं, कोणाची मुलगी पडली तरी रडत नाही, कोणाचा मुलगा स्वतःची खेळणी स्वतः उचलतो, हे तिला विचारावं. बागेतल्या बाकावर माझ्या शेजारी बसून ती हळू आवाजात एकेकीचं वर्णन करायची आणि शेवटी म्हणायची, "आणि मला पाहा." मी म्हणायचे, "पाहतेय की. रोजच पाहतेय." त्यावर ती हसायची, पण तिला माझं काही पटलेलं नसायचं.

ही मूळची वर्ध्याची. नवरा नितीन हिंजवडीला नोकरीला, कंपनीच्या बसने जाऊन-येऊन बिचाऱ्याचा अर्धा दिवस रस्त्यातच संपायचा. प्रणिताही त्याच क्षेत्रातली, पण धाकटा झाल्यापासून घरून काम करायची. लॅपटॉप ओट्यावर, एक कान मीटिंगकडे, दुसरा पोरांकडे. आंबेगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा रेवा चार वर्षांची होती आणि नील दीडेक. मी घरी जर्मनच्या शिकवण्या घेते, तोंडाने फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि माझा ओजस रेवाच्याच वयाचा. माझ्याबद्दल एवढं पुरे.

आमची पहिली ओळख लिफ्टमध्ये झाली. प्रणिताच्या कडेवर नील, हातात भाजीची पिशवी, पुढे रेवा. मी सवयीने सहाव्या मजल्याचं बटण दाबलं. रेवा मान वर करून मला म्हणाली, "ते मी दाबणार होते."

"मग दाब की आता."

"आता दाबून काय उपयोग? परत खाली जायचं, मग मी दाबणार."

रडली नाही, पाय आपटले नाहीत. फक्त कळवलं. सहावा मजला आला तरी रेवाबाई लिफ्टमधून हलेनात. प्रणिता मला म्हणाली, "तुम्ही निघा ताई, आम्ही जाऊन येतो खाली," आणि खरोखरच गेली. मी कुलूप काढून चपला ठेवते आहे तोवर तिघं परत वर आली. "आता बरोबर झालं," रेवाने मला सांगितलं. प्रणिता दारातच थांबली. "माफ करा हं. मला नं, यांचं काही जमतच नाही बाप्पा. तुमच्या मुलाचं कसं, शांत आहे?" पहिल्याच भेटीत, नाव सांगायच्या आधी, ही बाई मला हे विचारत होती.

तिला हे जमायला का हवं होतं ते पुढे हळूहळू कळलं. तिच्या सासरी एक पद्धत होती. दुसरं मूल झालं की मोठं मूल काही वर्षं मोठ्या जावेकडे वाढवायचं. कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. नितीन स्वतः तसाच वाढला होता. तो म्हणायचा, "मला काय झालं? चांगला आहे की मी." याला मी उत्तर देऊ शकले असते, पण तो माझा नवरा नव्हता. नील जन्मला तेव्हापासून वर्ध्याहून विचारणा सुरू होती, रेवाला कधी पाठवतेस. प्रणिताने सासूबाईंना एकच सांगितलं होतं, की रेवा पहिलीत जाईपर्यंत थांबा, तोवर मी तिला वळण लावून दाखवते. लागलं तर ती माझ्यापाशी राहील. नाही लागलं तर मग तुम्ही म्हणाल तसं.

हे असं कबूल करायची काही गरज होती का? मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "ताई, वळण तर लागायलाच पाहिजे नं. बाकीच्यांच्या मुलांना लागतंच की." म्हणजे परीक्षा सासरच्यांनी ठेवली खरी, पण मार्क द्यायला ती स्वतःच बसली होती आणि फार कडक परीक्षक निघाली.

मग तिचे प्रयोग चालायचे. एखाद्या आईचं काही तिला आवडलं की ते आठवडाभर घरात. कोणाच्या तरी फ्रिजवर चांदण्या चिकटवलेल्या पाहिल्या, शहाण्यासारखं वागलं की एक चांदणी. हिने पाकीट आणलं. रेवाने ते खुर्चीवर चढून काढलं आणि सगळ्या चांदण्या नीलच्या पोटाला चिकटवल्या. "तो लहान आहे, त्याला काही जमत नाही, म्हणून त्याला दिल्या." मग कोणीतरी सांगितलं की मुलांना हुकूम सोडू नयेत, निवड करू द्यावी. प्रणिताने दोन फ्रॉक समोर धरले, लाल की निळा? रेवा म्हणाली, "मला विचारलंस नं? मग एक पण नाही." आणि चड्डीवर बागेत आली. नील तिच्या मागून तसाच. तो तर बहिणीचं बघूनच बोलायला शिकला, आणि त्याचा पहिला धड शब्द "नाही" हा होता. प्रणिता हे सगळं मला सांगायची, सांगता सांगता हसायची, आणि हसता हसता कधी डोळे पुसायला लागायची ते तिचं तिलाही कळायचं नाही.

ओजसवर तर तिचा भारी डोळा. ओजस जिथे बसवाल तिथे बसतो. ताटात पडेल ते खातो. मी तिला कितीदा सांगितलं असेल, "अगं, तो शहाणा नाही, आळशी आहे. त्याला हट्ट करायचासुद्धा कंटाळा येतो." ती म्हणायची, "तुम्ही मोठ्या मनाच्या म्हणून असं म्हणता. माझ्या जागी तुम्ही असता नं, तर रेवा कधीच सरळ झाली असती." असं म्हटल्यावर मला तिचा मनापासून राग यायचा. कारण मला रेवा वाकडी वाटतच नव्हती.

एकदा बागेत एका दांडगट मुलाने ओजसला झोपाळ्यावरून ढकलून दिलं. आमचे चिरंजीव उठले, माती झटकली आणि घसरगुंडीकडे निघाले. रेवाने ते बघितलं. तो मुलगा उतरल्याबरोबर ती झोपाळ्यावर जाऊन बसली आणि झोका न घेता नुसती साखळ्या धरून बसून राहिली. "आधी ओजसचा नंबर. तू त्याला बोलाव, मग मी उठते." तो मुलगा चिडला, रडला, त्याची आई आली, दिवे लागले, डास चावायला लागले. रेवा हलली नाही. शेवटी त्या मुलाने ओजसला हाक मारली. ओजस म्हणाला, "मला नकोय झोका." पण रेवाचं काम झालं होतं, ती उठली. आणि प्रणिता काय करत होती? ती त्या मुलाच्या आईची माफी मागत होती. "आमची जरा जास्तच हट्टी आहे हो. तुमचा किती समजूतदार, लगेच ऐकलं त्याने." मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, तुझी पोरगी वकील होईल, न्यायाधीश होईल, काय वाटेल ते होईल, तू माफी कसली मागतेस? ती म्हणाली, "ताई, तोपर्यंत तिला माझ्याजवळ ठेवायची आहे नं मला."

नीलच्या बोरन्हाणाला ती जाऊबाई वर्ध्याहून आली. मुलं तिला मोठी आई म्हणतात, त्यांच्याकडे मोठ्या काकूला असंच म्हणायची रीत आहे. मी मनात एक खाष्ट बाई उभी करून ठेवली होती. प्रत्यक्षात गोरीपान, हळू बोलणारी, माझ्या गुडघेदुखीची चौकशी करून घरगुती तेल सांगणारी बाई निघाली. माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना म्हणाली, "प्रणिताला तुमचा फार आधार आहे." मी तिळगूळ तोंडात टाकला.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. नीलला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. त्याने मुकुट काढून चाटला, हार तोडून खाल्ला, आणि पाटावर बसायला साफ नकार दिला. सोसायटीतल्या बायका हसत होत्या, बोरन्हाणात हे चालायचंच. पण प्रणिताला घाम फुटला होता. एवढ्यात रेवाने चुरमुरे, बोरं, गोळ्यांचं ताट उचललं आणि नीलच्या नव्हे, स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. "तो बसत नाही, म्हणून मी." सगळ्या लहान पोरांनी गोळ्यांवर उड्या टाकल्या. मला तरी तो मार्ग उत्तम वाटला.

जाऊबाई पुढे आल्या. आवाज चढवला नाही. रेवाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आता मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि खरंच बोलल्या नाहीत. रेवा आधी दुर्लक्ष करून खेळली. मग जवळ आली. "मोठी आई, पाहा, मला किती बोरं मिळाली." उत्तर नाही. त्या शांतपणे बायकांना हळदीकुंकू लावत होत्या. "मोठी आई, तू चिडली?" उत्तर नाही. पोरगी त्यांच्या पदराच्या मागे मागे फिरू लागली. पाण्याचा पेला नेऊन दिला, तो त्यांनी घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत हे चाललं. शेवटी रेवा भिंतीला टेकून स्वतःहून म्हणाली, "मी चुकले. मी परत असं करणार नाही." त्यांनी लगेच तिला मांडीवर घेतलं, केसातले चुरमुरे वेचले, पापा घेतला. रेवा त्यांना इतकी घट्ट बिलगली होती की मला ते बघवेना. मी ओजसला घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी प्रणिता चहाला आली ती भारावलेलीच. "पाहिलं नं ताई? एक शब्द नाही, एक चापट नाही. काय हात आहे त्यांचा! आणि मी ओरडून ओरडून घसा फोडून राहिली."

मी म्हटलं, "प्रणिता, एवढ्याशा लेकराशी दिवसभर न बोलणं याला तू चांगला हात म्हणतेस?"

"ओरडण्यापेक्षा चांगलंच नं?"

"नाही. ओरडलेलं बरं. ओरडताना निदान तू तिच्याकडे बघत असतेस."

हे तिला पटलं नाही. तिने घरी अबोला धरून बघितला. आता यात हसावं की रडावं मला अजून ठरवता आलेलं नाही. रेवाने दात घासायला नकार दिला म्हणून प्रणिताने जाहीर केलं, "मी आता तुझ्याशी बोलणार नाही." रेवा म्हणाली, "मग मी पण तुझ्याशी नाही." आणि खेळायला लागली. दुपारी जेवण झालं, एक शब्द नाही. मधून मधून नील दोघींमध्ये निरोप्याचं काम करत होता, त्याला ते फार आवडलं होतं. चहाच्या वेळी मी साखर मागायला गेले तर प्रणिता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती आणि दारात उभ्या रेवाला म्हणत होती, "बोल नं माझ्याशी. बोल नं माझ्या राणी, काही पण बोल." रेवा तिच्याजवळ गेली. आईचं पोट मिठीत धरून म्हणाली, "तू हरली. पण असू दे." मला वाटतं त्या घरातला तो सगळ्यात चांगला दिवस असावा. पण प्रणिताने त्यातून घेतलं काय, तर हेच की जावेला जमतं ते आपल्याला जमत नाही.

रेवाच्या पहिलीच्या आधीच्या उन्हाळ्यात ते घडलं. आम्ही दोघी मुलांना घेऊन कात्रजला प्राणी बघायला गेलो होतो. परत येताना रस्ता ओलांडायचा होता. नील प्रणिताच्या कडेवर, रेवा तिच्या हाताला. मधल्या दुभाजकाशी पोचल्यावर रेवाने हात सोडवून घेतला, माझं मला उभं राहता येतं म्हणून. उभीही होती ती, अगदी दुभाजकाला चिकटून. तेवढ्यात उलट्या दिशेने एक स्कूटरवाला आला आणि तिला घासून गेला. पडली, गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण थांबून त्यानेच वर तोंड केलं. "आई आहात ना? पोरं धरता येत नाहीत तर रस्त्यावर आणता कशाला?"

तो उलट बाजूने आला होता हे मी त्याला माझ्या पद्धतीने समजावलं, आजूबाजूच्या दोघाचौघांनाही समजलं. रेवा गुडघा धरून म्हणत होती, "मी तर बरोबर उभी होते." आणि प्रणिता? ती त्या माणसाला म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." मग ती पलीकडे बघत राहिली. पलीकडून एक बाई दोन मुलांना घेऊन रस्ता ओलांडत होती, दोन्ही मुलं दोन्ही हातांना गपचूप धरलेली. ती बाई पार दिसेनाशी होईपर्यंत प्रणिता तिच्याकडे बघत होती. रिक्षात मी बडबडत होते, ती वळून वळून मागचा रस्ता बघत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं घाबरली आहे.

त्याच आठवड्यात तिने स्वतः वर्ध्याला फोन करून सांगितलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नितीन तर "तूच ठरव" म्हणून मोकळा झाला होता. मी तिच्या घरी जाऊन बसले आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, तू तिच्यामागे किती धावतेस, तुला तिच्या प्रत्येक वाक्याचं हसू येतं, ती तुझ्यावर रुसते आणि शेवटी तुझ्याच कुशीत येते, याहून चांगली आई काय असते? प्रणिता रेवाच्या कपड्यांना नावाच्या पट्ट्या शिवत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यावर माया करता म्हणून तुम्हाला असं दिसते. त्या दिवशी मोटार असती तर? माझा हट्ट म्हणून तिला माझ्याजवळ ठेवू? मी स्वतःला पाहिलं आहे, त्यांनाही पाहिलं आहे. त्या चांगल्या आहेत. आपल्या लेकराला चांगली आई मिळून राहिली तर नाही कसं म्हणायचं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. खूप होती. पण तिने तुलना पूर्ण केली होती आणि निकाल लागला होता. माझं कोण ऐकणार?

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती, नितीन रेवाला वर्ध्याला सोडायला निघाला होता. रेवाने उजव्या पायात सँडल आणि डाव्या पायात बूट घातला होता, आणि तो बदलायची कोणाची टाप नव्हती. ती रडत नव्हती. सगळ्यांसमोर, वॉचमनसमोर, ओजससमोर, तिने स्पष्ट सांगितलं, "मला कोणी विचारलंच नाही. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं." प्रणिता माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "पाहा नं ताई, जाताना पण तेच." गाडी गेली. नील रस्त्यात आडवा पडून रडला, त्याला उचलायलाही ती पटकन वाकली नाही. मीच उचलला.

सुरुवातीला तिने स्वतःला फार समजावलं. वर्ध्याहून फोटो यायचे ते मला दाखवायची. वेणी घातलेली रेवा, श्लोक म्हणणारी रेवा, ताटापुढे हात जोडलेली रेवा. "अक्षर पाहा, किती वळणदार झालं." मी म्हणायचे, "छान." एकदा तिचा व्हिडिओ कॉल चालू असताना मी तिथेच होते.

"जेवली का बेटा?"

"हो."

"काय जेवली?"

"मोठी आई देते ते."

"आवडलं का?"

रेवाने कॅमेऱ्याच्या बाजूला, तिथे बसलेल्या कोणाकडे तरी बघितलं आणि मग म्हणाली, "हो." प्रणिताने फोन ठेवला आणि बराच वेळ गव्हाच्या पिठात हात घालून बसली. मळलं काहीच नाही.

एका वर्षाची दोन झाली. मग कळलं की तिसरीही तिथेच करणार, मध्येच शाळा बदलायला नको. प्रणिता बागेत यायची कमी झाली. आलीच तर बाकावर बसायची, पण कोणाकडे बघायची नाही. ए विंगच्या बाईंना दुसरं मूल झालं, ते तिला महिनाभर माहीत नव्हतं. कोणाचं मूल काय खातं, कोण कधी झोपतं, काही विचारायची नाही. नीलला तर ती काहीच म्हणेनाशी झाली. तो भिंतीवर रंगवायचा, ती बघत राहायची. त्याने जेवायला नाही म्हटलं तर ताट उचलून ठेवायची. मी वैतागून म्हणाले, "अगं, ओरड तरी त्याच्यावर." ती म्हणाली, "कशाला? याचंही पाहतील नं त्या. पुढच्या वर्षी तो पण पहिलीत जाईल."

एकदा शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हटलं, "प्रणिता, रेवाला परत आण. ती तुझी आहे."

"आणून काय करू ताई? माझ्याकडे आली की परत तशीच होईल."

"होऊ दे की तशीच."

तिचे डोळे भरले. "मला तर तशीच पाहिजे होती. पण मला कळलं नं उशिरा. आता ती माझ्याशी फोनवर बोलते नं, तेव्हा तिला वाटतं लवकर संपावं. मला कळतं ते. मी तिची आई आहे, एवढं तर मला कळतं." ती एवढंच बोलली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. मला तेव्हा ज्यांनी कोणी ही चांगल्या आईची भानगड काढली त्यांच्या नावाने शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण नाव कोणाचं घेणार?

त्या दिवाळीनंतर आम्ही आंबेगाव सोडलं. माझ्या सासूबाईंची तब्येत बिघडली, त्यांच्या जवळ राहायला गेलो. सामान जायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचं म्हणून बागेत चक्कर मारायला गेले. रेवा सुट्टीसाठी पुण्याला आली होती, हे मला माहीत होतं, पण भेट झाली नव्हती. प्रणिता बाकावर बसली होती आणि तिच्या शेजारी रेवा. उंच झाली होती. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. समोर झोपाळा रिकामा होता. मी म्हटलं, "काय गं, ओळखलंस का? ओजसची आई." ती उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि परत तशीच बसली. मी ओजसला हाक मारली, तो आला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो निघून गेला. मी प्रणिताच्या दुसऱ्या बाजूला बसले. नील एकटाच मातीत खड्डा खणत होता.

तेवढ्यात एक नवीन बाई आमच्याकडे आल्या. बहुतेक नुकत्याच राहायला आलेल्या, मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं तीनेक वर्षांचं पोरगं घसरगुंडीखाली आडवं पडून बोंब मारत होतं आणि त्यांची ओढणी, केस, सगळं विस्कटलेलं होतं. त्यांनी रेवाकडे बघितलं, मग प्रणिताकडे. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मघापासून बघतेय हो. किती शहाणी आहे तुमची मुलगी."

प्रणिताने रेवाकडे बघितलं. रेवा समोर बघत होती.

"माझी नाही," प्रणिता म्हणाली. "माझ्या जावेची आहे. सुट्टीत आली आहे."

मी रेवाकडे बघत होते. मला वाटलं आता बोलेल. आता उठेल, कमरेवर हात ठेवेल आणि या दोन्ही बायांना खडसावेल. मी खरोखर वाट बघत होते, देवाला हात जोडून वाट बघत होते.

त्या बाईंनी वाकून विचारलं, "नाव काय तुझं बाळा?"

रेवा उभी राहिली. "माझं नाव रेवा," ती म्हणाली. "मी वर्ध्याला असते. मोठ्या आईजवळ."

आणि पुन्हा खाली बसली, फ्रॉक नीट करून.